इंजिनाचा थर्मोस्टॅट : काम, निवड, तपासणी आणि बदलण्याची पद्धत

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर बसवलेली, तापमानानुसार आपोआप उघडझाप करणारी झडप आहे. गॅरेजच्या भाषेत तिला 'थर्मोस्टॅट वॉल' किंवा नुसते 'वॉल' म्हणतात. मुठीत मावेल एवढा हा भाग असतो आणि साध्या गाड्यांसाठी तो काही शेकडा रुपयांत मिळतो. मात्र तो बंद स्थितीत अडकला तर हेड गॅस्केट उडून इंजिनाचे मोठे काम निघू शकते. उघड्या स्थितीत अडकला तर गाडी चालत राहते, पण मायलेज घटते आणि इंजिन हळूहळू झिजते. म्हणून गाडीचा परफॉर्मन्स सुधारायचा असेल, तर महागड्या उपायांच्या आधी हा स्वस्त भाग नीट काम करतो की नाही हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

थर्मोस्टॅट फक्त पाण्याने म्हणजेच कूलंटने थंड होणाऱ्या इंजिनात असतो. कार, जीप, टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर आणि लिक्विड कूल्ड मोटरसायकली यांत तो असतो. जुन्या बुलेटसारख्या हवेवर थंड होणाऱ्या दुचाकींत तो नसतो.

थर्मोस्टॅट नेमके काय करतो?

जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा साधारण एक-तृतीयांश भाग उष्णतेच्या रूपाने कूलंटमध्ये जातो. वॉटर पंप हे कूलंट इंजिनातून फिरवतो. पण इंजिन थंड असताना ही उष्णता रेडिएटरमधून बाहेर टाकून उपयोग नसतो, कारण इंजिन लवकर गरम व्हायला हवे असते. अशा वेळी थर्मोस्टॅट बंद राहतो आणि कूलंट 'बायपास' नावाच्या छोट्या वाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरते. ठरलेले तापमान आले की झडप थोडी उघडते आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जाऊ लागते. तापमान वाढेल तशी झडप आणखी उघडते आणि कमी झाले की पुन्हा मिटू लागते. गाडी चालू असताना बराच वेळ ती अर्धवट उघड्या अवस्थेतच असते.

बहुतेक गाड्यांचा थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो आणि त्याच्या १० ते १५ अंश वर पूर्ण उघडतो. झडपेवर छापलेला आकडा उघडायला सुरुवात होण्याचा असतो, पूर्ण उघडण्याचा नव्हे. ८२ चा वॉल बसवला म्हणजे इंजिन कायम ८२ अंशांवर राहील, असा त्याचा अर्थ होत नाही.

मेणावर चालणारी झडप

या झडपेला वीज लागत नाही. तिच्या पितळी किंवा तांब्याच्या डबीत विशिष्ट तापमानाला वितळणारे मेण भरलेले असते. घन मेण वितळून द्रव झाले की त्याचे आकारमान सुमारे १० ते १५ टक्के वाढते. डबी पूर्ण बंद असल्यामुळे फुगणारे मेण एक दांडी बाहेर ढकलते आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. मेण गोठले की स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. ही मेणाची रचना १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी विकसित केली. त्याआधीच्या थर्मोस्टॅटमध्ये लवकर वाफ होणारा द्रव भरलेली धातूची भातडी असे. बंद व दाबाखालील कूलिंग प्रणालीत मेणाची झडप अधिक भरवशाची ठरली आणि आजही तीच प्रामुख्याने वापरात आहे.

काही आधुनिक गाड्यांत याच मेणाच्या डबीत छोटा विद्युत हीटर असतो. इंजिनावर भार कमी असताना संगणक इंजिनाला थोडे अधिक गरम चालू देतो, म्हणजे इंधन वाचते. भार वाढला की हीटर सुरू करून तो झडप वेळेआधी उघडतो. अशा थर्मोस्टॅटला वायरचा कनेक्टर असतो आणि तो बहुधा हाऊसिंगसकट बदलावा लागतो.

'वॉल काढून टाका, गाडी तापणार नाही' : हे कितपत खरे?

आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, मग इथे वॉलची गरजच काय, असा त्यामागचा विचार असतो. पण बाहेरची हवा ४५ अंशांची असली, तरी इंजिनाला लागणारे ९० अंश त्याहून दुप्पट आहेत. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यातही थंड इंजिनाला गरम व्हावेच लागते, आणि नाशिक-महाबळेश्वरच्या हिवाळी पहाटे तर त्याला आणखी वेळ लागतो.

वॉल काढल्यावर इंजिन बराच काळ हव्या त्या तापमानाखाली चालते. त्याचे परिणाम असे होतात :

- इंजिन अजून थंड आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. मायलेज घटते.
- थंड सिलिंडरच्या भिंतींवर न जळलेले इंधन साचून ते ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि त्याचे वंगण कमी पडते.
- ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ ऑइलमधून उडून जात नाही. कालांतराने गाळ तयार होतो.
- डिझेल गाडीत पांढरा धूर आणि खडखड वाढते. बीएस ६ डिझेल गाड्यांत धुराची जाळी, म्हणजे डीपीएफ, स्वतःला जाळून साफ करते. बहुतेक गाड्यांत इंजिन पुरेसे गरम नसेल तर ही साफसफाई सुरूच होत नाही आणि जाळी चोंदते.

याहून विचित्र गोष्ट म्हणजे काही इंजिनांत वॉल काढल्यावर गाडी अधिक तापते. अशा इंजिनांच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूस दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडताना ही चकती बायपासची वाट बंद करते. वॉलच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनात शिरतो. घाटात सगळ्यात जास्त थंडाव्याची गरज असते, तेव्हाच तो कमी पडतो. 'पाणी फार वेगाने पळते, म्हणून रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही', असे जे कारण सांगितले जाते ते बरोबर नाही. खरे कारण बहुधा हा उघडा राहिलेला बायपास असतो.

गाडी घाटात बंद पडली आणि वॉल बंद अवस्थेत अडकल्याचे कळले, तर जवळच्या मेकॅनिकने तो काढून गाडी घरापर्यंत नेण्याजोगी करणे ही अडचणीतली सोय आहे. ती कायमची दुरुस्ती समजू नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वॉल काढल्यावर गाडी तापायची थांबली, तरी दोष वॉलमध्येच होता असे सिद्ध होत नाही. चोंदलेल्या रेडिएटरचा किंवा मंद झालेल्या पंखाचा दोष वॉल काढल्याने काही दिवस झाकला जातो आणि पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा डोके वर काढतो.

कमी अंशाचा थर्मोस्टॅट बसवल्याने ताकद वाढते का?

मूळ ८८ चा थर्मोस्टॅट काढून ८२ किंवा ७६ चा बसवला की पिकअप वाढतो, असा समज आहे. त्याचे मूळ शर्यतीच्या गाड्यांत आहे. इंजिनाची ताकद वाढवली की सिलिंडर हेड थोडे थंड असण्याचा फायदा होतो. इंधन वेळेआधी पेटून होणारी ठोठो, म्हणजे नॉकिंग, कमी होते आणि ट्यूनिंग करणाऱ्याला स्पार्क थोडा आधी देता येतो. पण हा फायदा इंजिनाचा संगणक त्यानुसार नव्याने ट्यून केला असेल तरच मिळतो. नुसता वॉल बदलल्याने रोजच्या गाडीची ताकद वाढत नाही.

तापण्याच्या बाबतीतही कमी अंशाचा वॉल फारसा उपयोगी पडत नाही. मे महिन्यात, एसी लावून, पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी खंबाटकी घाट चढत आहे आणि कूलंट १०० अंशांवर आहे असे धरू. ८२ चा वॉल साधारण ९५ अंशांना पूर्ण उघडलेला असेल आणि ७६ चा त्याआधीच. १०० अंशांवर दोन्ही पूर्ण उघडे, म्हणजे दोन्हींतून तेवढेच कूलंट जाणार. थर्मोस्टॅट इंजिनाचे किमान तापमान ठरवतो. कमाल तापमान रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि झाकणाचा दाब यांवर ठरते. ट्रॅफिकमध्ये गाडी तापत असेल तर दोष या चौघांत शोधावा.

म्हणून नियम साधा आहे. मूळ रचनेतल्या गाडीला उत्पादकाने ठरवलेल्याच अंशाचा थर्मोस्टॅट बसवावा. गाडीला परफॉर्मन्स मिळतो तो ठरलेले तापमान लवकर गाठून ते टिकवण्यातून.

खराब झाल्याची लक्षणे

बंद अवस्थेत अडकल्यास : सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापमानाचा काटा वर चढतो किंवा लाल दिवा लागतो. इंजिन गरम असूनही रेडिएटर थंड राहतो. रिझर्व्ह टाकीत कूलंट उसळते.

उघड्या अवस्थेत अडकल्यास : काटा मध्यावर यायला फार वेळ लागतो. हायवेवर वेग धरला की तो खाली येतो. हीटर कोमट राहतो, मायलेज घटते.

अर्धवट अडकल्यास : काटा वरखाली होत राहतो. चढावर तापतो, उतारावर एकदम थंड पडतो.

आपल्याकडे हीटर क्वचितच लावला जातो, त्यामुळे 'हीटर गरम होत नाही' हे लक्षण वर्षभर लक्षात येत नाही. शिवाय अनेक नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. निळा दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझू लागला, तर वॉल उघडा राहत असल्याची शंका घ्यावी. ओबीडी रीडर लावल्यावर 'पी ०१२८' हा कोड आला, तर कूलंट अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही असा त्याचा अर्थ आहे. याचे सर्वांत नेहमीचे कारण उघडा अडकलेला थर्मोस्टॅट असते. मात्र कमी कूलंट किंवा बिघडलेला सेन्सर यांमुळेही हाच कोड येऊ शकतो.

घरच्या घरी तपासणी

होज पाइपची तपासणी : सकाळी पूर्ण थंड इंजिन सुरू करावे. थर्मोस्टॅट रेडिएटरच्या वरच्या पाइपाच्या तोंडाशी असेल, तर तो पाइप पहिली काही मिनिटे थंडच राहायला हवा आणि झडप उघडताच थोड्या वेळात चटकन गरम व्हायला हवा. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा आहे. काटा मध्याच्या वर गेला तरी पाइप थंडच राहिला तर वॉल बंद अडकला आहे किंवा प्रणालीत हवा भरली आहे. अनेक जपानी बनावटीच्या इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे खालचा पाइप पाहावा. इलेक्ट्रिक पंखा कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो, म्हणून हात, ओढणी किंवा बाही त्याच्या जवळ नेऊ नये.

पातेल्यातली तपासणी : काढलेला थर्मोस्टॅट पाण्याच्या जुन्या पातेल्यात दोऱ्याने टांगावा, तळाला टेकू देऊ नये. पाण्यात थर्मामीटर ठेवून गॅस पेटवावा. छापलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत साधारण ८ मिलिमीटर किंवा अधिक उघडली पाहिजे. गॅस बंद केल्यावर ती पूर्ण मिटली पाहिजे. नवा वॉल बसवण्याआधीही ही दहा मिनिटांची तपासणी करून घेणे चांगले. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, कारण जुन्या वॉलला चिकटलेले कूलंट विषारी असते.

नवा थर्मोस्टॅट निवडताना

- अंश : मॅन्युअलमध्ये किंवा जुन्या वॉलवर दिलेलाच आकडा घ्यावा. जुना वॉल आधीच्या मालकाने बदललेला असू शकतो, म्हणून मॅन्युअलशी पडताळणी करावी.
- पार्ट नंबर : एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे वॉल वेगळे असू शकतात. चासिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्यावा.
- बायपासची चकती : जुन्या वॉलला दुसरी चकती असेल तर नव्यालाही ती त्याच उंचीवर हवी. फक्त वरची तबकडी जुळते म्हणून वॉल घेऊ नये.
- हवा काढण्याचे छिद्र : अनेक थर्मोस्टॅटच्या तबकडीवर छोटे छिद्र आणि त्यात हलणारी पिन असते. कूलंट भरताना अडकलेली हवा यातून निघते.
- गॅस्केट किंवा ओ-रिंग : ही नेहमी नवी घ्यावी. जुनी परत वापरून वाचलेले पैसे गळतीत जातात.
- हाऊसिंग : प्लॅस्टिकचे हाऊसिंग उष्णतेने ठिसूळ होते. तडा दिसला तर तेही बदलावे.

वॉटर पंप किंवा टायमिंग बेल्टचे काम निघाले असेल आणि थर्मोस्टॅट बराच जुना असेल, तर तो त्याच वेळी बदलून घेणे स्वस्त पडते, कारण कूलंट काढण्या-भरण्याची मजुरी एकदाच लागते.

बदलण्याची पद्धत

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी रात्रभर उभी असणे उत्तम. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले कूलंट दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण उघडून दाब सुटला की क्षणात उसळून बाहेर येते आणि चेहरा-हात भाजतात.

२. बॅटरीची ऋण तार काढावी. रेडिएटरखाली स्वच्छ टब ठेवून कूलंटची पातळी थर्मोस्टॅटच्या खाली जाईपर्यंत काढावी.

३. होज पाइपची क्लिप सैल करून पाइप पिळून सोडवावा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून ओढू नये, पाइप फाटतो.

४. हाऊसिंगचे बोल्ट काढावेत. गंजलेला बोल्ट जोर लावून तोडण्यापेक्षा गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे.

५. जुना वॉल कोणत्या दिशेने आणि कसा बसला होता याचा मोबाइलवर फोटो काढून मग तो काढावा.

६. दोन्ही पृष्ठभागांवरचे जुने गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर तिथूनच गळती होते.

७. नवा वॉल मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला येतील असा बसवावा. उलटा बसवलेल्या वॉलच्या मेणाला इंजिनाची उष्णता नीट मिळत नाही, तो वेळेवर उघडत नाही आणि गाडी तापते. हवेचे छिद्र असल्यास ते मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी, बहुतेक गाड्यांत सर्वांत वर, ठेवावे.

८. बोल्ट आधी हाताने लावून मग आळीपाळीने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनुसार आवळावेत. हे बोल्ट लहान असतात. जास्त आवळल्यास हाऊसिंग तडकते किंवा आटे जातात.

९. कूलंट सावकाश भरावे. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल ठेवावा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करावा. नंतर बॅटरीची तार जोडावी.

१०. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करावे आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू ठेवावे. काट्यावर लक्ष ठेवावे. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर पातळी पाहून कमी पडलेले कूलंट भरावे. पुढचे दोन-तीन दिवस रोज सकाळी पातळी आणि हाऊसिंगभोवतीची ओल तपासावी.

थर्मोस्टॅट इंजिनाच्या मागे, इनटेकखाली किंवा हाऊसिंगमध्ये जोडलेला असेल, तर हे काम अनुभवी मेकॅनिककडे सोपवावे आणि जुना भाग परत मागून घ्यावा. वॉल खरोखर बदलला की नुसता काढला, हे त्यावरून आणि नव्या वॉलच्या डब्यावरून कळते.

वॉल लवकर का खराब होतो?

सर्वांत मोठे कारण म्हणजे साधे पाणी. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार इंजिनात आणि झडपेवर साचतात, गंज धरतो आणि वॉल अडकतो. नवा वॉल जुन्या, तांबूस झालेल्या पाण्यात बसवला तर तोही फार टिकत नाही. म्हणून वॉल बदलताना प्रणाली धुऊन उत्पादकाने सांगितलेले कूलंट भरावे. तयार मिश्रण नसेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर सहसा निम्मे-निम्मे मिसळतात. आपल्याकडे कूलंट गोठण्याची भीती सहसा नसते, पण गंज रोखणे आणि उत्कलनबिंदू वाढवणे ही त्याची दोन कामे इथेही तितकीच महत्त्वाची आहेत. नुसत्या रंगावरून कूलंट निवडू नये, कारण एकाच रंगात वेगवेगळ्या रसायनांची कूलंट मिळतात.

काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात. लहान मुलांनाही त्याचा तेवढाच धोका आहे. ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

रस्त्यात गाडी तापली तर

एसी बंद करून हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण सुरू करावा. त्याने इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे. लाल दिवा लागलेला असताना 'पुढच्या गावापर्यंत' गाडी रेटू नये. अतिउष्णतेने सिलिंडर हेड वाकते आणि हेड गॅस्केट उडते. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबून, पाइप हाताला थंड लागू लागल्यावरच, जाड फडक्याने झाकण हळूहळू सैल करावे. कूलंट कमी असेल तर भरावे. साधे पाणी भरावे लागले, तर घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावे आणि गाडी का तापली याचे कारण शोधल्याशिवाय पुन्हा लांबचा प्रवास करू नये.